मेस्ताच्या हाती खडू कोण देणार?

गोव्यातील कोणत्याही जुन्या घरात शिरावे आणि मान वर करून पाहावे. छपराच्या कैच्या, वाशांची जुळणी, खांबाच्या माथ्यावर बसवलेली तुळई यांचे सांधे पिढ्यान्‌पिढ्यांचे पावसाळे झेलूनही हललेले नसतात. खाजन शेतीच्या बांधावरील मानशीचे लाकडी दरवाजे पाहावेत. भरतीच्या पाण्याने ते आपोआप मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. हे ज्यांनी घडवले त्या मेस्तांपाशी कोणत्याही शाळेचा दाखला नव्हता. काटकोन, उतार, भार, पाण्याचा दाब, लाकडाचे फुगणे आणि आटणे हे सारे शास्त्र त्यांच्या बोटांत होते. आज त्यांचा नातू अजूनही रंधा चालवीत असेल आणि गावच्या विद्यालयात मुलांना सुतारकाम शिकवावे असे त्याच्या मनात आले, तर त्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो कागदाचा. दहावी आहे का? पदविका आहे का? प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आहे का? तू काय घडवू शकतोस आणि ते दुसऱ्याला शिकवू शकतोस का, हा प्रश्न शेवटी विचारला जाईल, किंवा विचारलाच जाणार नाही.

या प्रश्नाकडे आज लक्ष वेधण्याचे कारण उघड आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यवसाय शिक्षणाला शाळेच्या ओसरीवरून माजघरात आणण्याचा संकल्प सोडला. शाळा आणि महाविद्यालये मिळून निदान निम्म्या विद्यार्थ्यांना 2025 पर्यंत एखाद्या व्यवसायाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट त्यात नोंदवले होते. ते साल उजाडले. सहावी ते आठवीच्या मुलांनी वर्षातले दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली शिकावे, असेही धोरण सांगते. 2023 च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने त्यापुढे पाऊल टाकून माध्यमिक स्तरावर व्यवसाय शिक्षणाला नियमित विषयाचे स्थान दिले. पुस्तके निघाली, साहित्याच्या पेट्या आल्या, परिपत्रकांचा तर पाऊसच पडला. या सगळ्या गजबजाटात एक साधा प्रश्न मागे राहिला: शिकवणार कोण? आणि जो शिकवील त्याची लायकी कोण, कशाच्या आधारे ठरवणार?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर अवघ्या वर्षभरात, 1948 साली, मध्य प्रांतातील बिलासपूरजवळच्या कोनी येथे कारागीर-प्रशिक्षकांना तयार करणारी केंद्र सरकारची पहिली संस्था उघडली गेली. ज्यांच्या हातून पुढे कामगारांच्या पिढ्या घडायच्या होत्या, त्या शिक्षकांना आधी घडवले पाहिजे, ही जाण त्या काळच्या कारभाऱ्यांना होती. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे देशभर पसरले. आज अशा संस्थांची संख्या चौदा हजारांहून अधिक आहे. तेथे शिकवणाऱ्या निदेशकासाठी नियम स्पष्ट आहेत. पदवीधर असल्यास एक वर्षाचा, पदविकाधारक असल्यास दोन वर्षांचा आणि त्याच संस्थांतून किंवा शिकाऊ उमेदवारीतून आलेला असल्यास तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा. दोन जागांपैकी एका जागी पदवी वा पदविका घेतलेला, तर दुसऱ्या जागी कारागिरीच्या वाटेने आलेला निदेशक असावा, आणि दोघांपाशीही एक वर्षाच्या अभ्यासक्रमातून मिळणारे प्रशिक्षकाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र असावे, अशी अपेक्षा आहे. पुस्तक आणि हत्यार यांना एकाच कार्यशाळेत शेजारी उभे करण्याची ही कल्पना मुळात शहाणपणाची आहे.

शाळांची अवस्था मात्र निराळी आहे. तेथे सामान्य विषयांच्या शिक्षकासाठी शिक्षणशास्त्राची पदवी आणि पात्रता परीक्षा असा चिरेबंदी दरवाजा उभा आहे, तर व्यवसाय विषयांच्या शिक्षकासाठी धड दरवाजाही नाही आणि धड वाटही नाही. देशात बहुतेक ठिकाणी हा शिक्षक कंत्राटावर, पुष्कळदा एखाद्या बाहेरच्या संस्थेमार्फत नेमला जातो. वर्षअखेरीस आपण असू की नसू याची त्याला खात्री नसते. शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची कोपऱ्यात असते आणि वेळापत्रकात त्याची तासिका शेवटी असते. ज्या विषयाचा गुरू असा उपरा, त्या विषयाला विद्यार्थ्यांनी मान द्यावा ही अपेक्षा फोल आहे.

तेव्हा परवाना हवा की नको? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे: हवा. व्यवसाय शिक्षकाला कसलीही परीक्षा नको, कसब हेच प्रमाणपत्र, असे म्हणणारा एक भाबडा पक्ष आहे. कारागिरांविषयीचा त्याचा आदर खरा असेल, परंतु त्याचा युक्तिवाद टिकणारा नाही. भूगोलाच्या शिक्षकाची चूक झाली तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातात. लेथ यंत्रावर शिकवणाऱ्याची चूक झाली तर विद्यार्थ्याचे बोट जाते. विजेची तार, वेल्डिंगची ज्योत, फिरती करवत यांना बाल्य आणि अननुभव यांची दयामाया नसते. पस्तीस मुले, चार यंत्रे आणि एक शिक्षक असलेल्या खोलीत कोणाला कोठे उभे करायचे, कोणत्या क्षणी कळ बंद करायची, याचे भान केवळ उत्तम फिटर असण्याने येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, येणे आणि शिकवता येणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. निष्णात मेस्ताला विचारावे की पटाशी नेमकी इतकीच कलती का धरलीस, तर पुष्कळदा तो हसून म्हणेल, ‘अशीच धरतात.’ त्याचे ज्ञान हातात इतके मुरलेले असते की ते शब्दांत उतरत नाही. पूर्वीच्या उमेदवारीत याने बिघडत नसे. पोरगा वर्षभर हत्यारांना धार लावी, दुसरे वर्ष फळ्या उचली आणि पाहता पाहता शिके. शाळेतल्या मुलापाशी ती वर्षे नाहीत. त्याच्या वाट्याला आठवड्याचे थोडेच तास येतात. त्या तासांत आधी काय आणि नंतर काय, कोठे थांबायचे, चुकलेल्या सांध्यातून काय दाखवून द्यायचे, ही आखणी करणे हे शिक्षकाचे शास्त्र आहे, आणि ते शिकावे लागते.

तिसरी गोष्ट अधिक अप्रिय असली तरी बोलली पाहिजे. जुन्या कारागिरीचे गोडवे गाताना आपण हे विसरतो की ती विद्या बंद दाराआडची होती. बाप मुलाला शिकवी, मामा भाच्याला शिकवी. परक्याला आणि मुलीला त्या ओट्यावर जागा नव्हती. व्यवसाय जातीने ठरत होता आणि जात जन्माने ठरत होती. सार्वजनिक शाळेत, सार्वजनिक नियमांनी नेमलेला शिक्षक येतो तेव्हा ते दार प्रथमच सर्वांना उघडते. कोणत्याही घरातली मुलगी उद्या लोहारकाम शिकू शकते ती या दारातूनच. परवाना म्हणजे केवळ अडसर नव्हे. योग्य तऱ्हेने रचला तर तो या दाराची चौकट आहे.

परवाना काढून टाकल्यास काय होते, याचा दाखला जर्मनीने दिला आहे. कारखान्यात व शाळेत मिळून व्यवसाय शिकवण्याच्या पद्धतीसाठी तो देश प्रसिद्ध आहे. तेथे कारखान्यात शिकाऊ उमेदवारांना शिकवणाऱ्याने शिकवण्याची पात्रता सिद्ध केली पाहिजे, असा नियम 1972 साली झाला. लेखी परीक्षा आणि त्याबरोबर प्रत्यक्ष शिकवून दाखवण्याची चाचणी, असे तिचे स्वरूप. पुढे उमेदवारीच्या जागा कमी पडू लागल्या तेव्हा, या परीक्षेमुळे लहान कारखानदार मागे राहतात असे म्हणून, 2003 मध्ये तो नियम स्थगित करण्यात आला. अधिक कारखाने पुढे यावेत हा हेतू होता. अनुभव असा आला की, पात्रताप्राप्त प्रशिक्षक नसलेल्या आस्थापनांत शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले आणि दर्जाविषयी तक्रारी उमटल्या. 1 ऑगस्ट 2009 पासून नियम पुन्हा लागू झाला. मधल्या काळात नीट काम केलेल्यांना मात्र पुन्हा परीक्षेला बसवले नाही. चूक कबूल करून नियम पूर्ववत करणे आणि तो करताना माणसांना न दुखवणे, या दोन्ही गोष्टी त्यात शिकण्यासारख्या आहेत.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या घराघरांतून तारवटी जहाजावर जातात. खलाशांच्या प्रशिक्षणासंबंधीच्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय करारात 1995 साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी खलाशाला शिकवणारा आणि त्याची परीक्षा घेणारा या दोघांचीही पात्रता तपासली जावी असे बंधन घातले. समुद्रात आग लागली तर शिकवणाऱ्याचे अज्ञान बुडून लपत नाही, हे जगाला कळले होते. मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या शिक्षकासाठीही 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अटी आहेत: दहावी उत्तीर्ण, पाच वर्षे वाहन चालवल्याचा अनुभव, यंत्राच्या ज्ञानाचे प्रमाणपत्र, आणि इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेचे पुरेसे ज्ञान. या शेवटच्या अटीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. नियम करणाऱ्याला येथे निदान इतके सुचले की, ज्याला शिकवायचे त्याच्या भाषेत शिक्षकाला बोलता आले पाहिजे.

परवान्याची गरज मान्य केल्यावर खरा वाद सुरू होतो तो त्याच्या स्वरूपाचा. आपल्याकडे परवाना म्हणजे कागदांची चळत, अशी समजूत रूढ आहे. कागद तपासायला सोपा असतो, हात तपासायला कठीण. म्हणून कारकुनाला कागद आवडतो. परिणाम असा होतो की, ज्याने पदविका मिळवली पण कारखान्याचे तोंड ओझरते पाहिले, तो आत येतो. आणि ज्याने तीस वर्षे होड्या बांधल्या पण चौथीत शाळा सोडली, तो फाटकाबाहेर राहतो. मग आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? मुले व्यवसायाची व्याख्या पाठ करतात, हत्यारांची चित्रे काढतात, आणि प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही होते.

हा अनुभवही आपण पूर्वी घेतलेला आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा कणा मानले. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. तिन्ही कल्पना थोर होत्या. शाळेत पोचेपर्यंत त्यांचे काय झाले हे त्या काळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल: कागदाची फुले, लोकरीचे तोरण, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईने पुरी करून दिलेली टोपली. हा तास ज्या शिक्षकाला काम कमी त्याच्या माथी मारला गेला. ज्याला स्वतःला खिळा ठोकता येत नाही आणि खिळा ठोकणे ज्याला कमीपणाचे वाटते, त्याच्या हाती श्रमप्रतिष्ठेचा पाठ देण्यात आला. कल्पना हरल्या त्या शिक्षकाच्या निवडीपाशी.

याच्या उलटही आपला इतिहास आहे, आणि तो महाराष्ट्राच्या सीमांपलीकडे नांदलेल्या मराठी समाजाला जवळचा आहे. 1890 साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन उभे राहिले. त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे देशी भाषांतून कला व उद्योग शिकवण्याचा ध्यास घेतला, आणि चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके त्या वास्तूत शिकून गेले. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या तंत्रशाळेत यांत्रिक रेखाचित्रकला शिकवीत असत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. आजच्या नियमाने त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत नापास ठरलेल्या मुलांना हातांनी काम करत शिकवले. गावात तो व्यवसाय करणारा माणूसच शाळेत शिकवू शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

गंमत अशी की, शिक्षण धोरणालाही हे ठाऊक आहे. स्थानिक कला व व्यवसाय जाणणाऱ्यांना ‘विशेष निदेशक’ म्हणून शाळांनी नेमावे आणि त्यांच्यासाठी शिक्षणशास्त्राचे अल्प मुदतीचे वर्ग काढावेत, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये आणखी धीटपणा दाखवला. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या नामवंत व्यावसायिकाला कोणतीही पदवी न मागता प्राध्यापक म्हणून काही काळ नेमता येईल, अशी तरतूद केली. म्हणजे विद्यापीठाच्या सज्जात उद्योगपतीला पदवीशिवाय प्रवेश आहे, आणि गावच्या शाळेच्या पडवीत मेस्ताला नाही! ही विसंगती दूर करण्यासाठी क्रांती करावी लागत नाही. थोडी कल्पकता आणि थोडी सचोटी पुरे आहे. त्यासाठी आमच्या काही सूचना आहेत.

परवान्याचे दोन वेगळे भाग करावेत. पहिला भाग हाताचा. उमेदवाराला कार्यशाळेत उभे करावे, लाकूड, लोखंड किंवा माती पुढे ठेवावी आणि ठरलेली वस्तू ठरलेल्या वेळात करून घ्यावी. त्याने शाळा कितवीत सोडली हे विचारू नये. तोंडी परीक्षा मराठीत किंवा कोकणीत, जी त्याची भाषा असेल तीत घ्यावी. दुसरा भाग शिकवण्याचा. त्यासाठी शे-सव्वाशे तासांचा वर्ग असावा आणि अखेरीस खऱ्या मुलांपुढे एक पाठ घ्यायला लावावा. पदविकाधारकालाही पहिला भाग चुकू नये आणि मेस्तालाही दुसरा चुकू नये.

हा वर्ग करताना कारागिराची रोजी बुडणार, हे लक्षात ठेवले पाहिजे. हातावर पोट असलेल्याला फुकट शिकायला या म्हणणे म्हणजे येऊ नका म्हणणेच होय. यासाठी नवी योजना शोधण्याचीही गरज नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, होडी बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे अशा अठरा व्यवसायांतील कारागिरांची नोंदणी होते. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक आणि पंधरा दिवसांचे वा त्याहून अधिक प्रगत प्रशिक्षण असते, आणि प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन मिळते. याच जिन्याला तिसरी पायरी जोडावी: जो शिकवू इच्छितो त्याच्यासाठी शिक्षक-प्रशिक्षण, विद्यावेतनासह. मग कुंकळ्ळीचा चितारी आणि डिचोलीचा कुंभार सरकारी प्रदर्शनात मांडून ठेवण्याची वस्तू राहणार नाहीत, ते गुरुजी होतील. माडावर चढणारा पाडेली मिळत नाही म्हणून बागायतदार हळहळतात. ती कला सुरक्षितपणे शिकवणारा कोणी तयार करावा, हे मात्र अजून कोणाच्या मनात येत नाही.

परवाना कायमचा असू नये. ज्याने कार्बोरेटर शिकवण्यात उमेद घालवली त्याच्यापुढे आज विजेवर धावणारी गाडी उभी आहे. दर पाच वर्षांनी शिक्षकाने महिनाभर प्रत्यक्ष कारखान्यात, गोदीत किंवा हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करून यावे, आणि त्याचा पगार त्या महिन्यातही चालू राहावा. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कोणालाही, कोणत्याही सबबीवर सूट नको. प्रथमोपचार आणि यंत्रांच्या धोक्यांची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज मुलांना घेऊन यंत्रासमोर कोणी एकटे उभे राहू नये, मग तो कितीही मोठा उस्ताद असो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेतन. शिक्षकाची पात्रता मागायची आणि मजुरी तासावर द्यायची, हा व्यवहार सरकारला शोभत नाही. परवान्याची अट घालणाऱ्याने परवानाधारकाला कायम जागा आणि शिक्षकाचे वेतन दिलेच पाहिजे. एरवी चांगला वायरमन शाळेत यायचा नाही आणि आलेला टिकायचा नाही. बाहेर त्याला याहून अधिक मिळते.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, कागद सोडून हात तपासू लागलो तर वशिल्याला रान मोकळे होईल. परीक्षक गावचा, उमेदवार गावचा, आणि आमदारांची चिठ्ठी दोघांच्या खिशात. ही भीती निराधार नाही. पण त्यावर उपाय आहेत: परीक्षक दुसऱ्या तालुक्यातील असावेत, त्यांत निम्मे त्या व्यवसायातले असावेत, परीक्षा उघड्यावर व्हावी आणि प्रत्येक उमेदवाराने घडवलेली वस्तू त्याच्या क्रमांकासह महिनाभर लोकांना पाहण्यासाठी ठेवावी. गुणपत्रिकेत खाडाखोड करता येते. वाकड्या सांध्याला सरळ म्हणायला मात्र धारिष्ट लागते. दुसरा आक्षेप शिक्षणशास्त्राच्या पदवीधरांचा: आम्ही वर्षे खर्चून पदवी घेतली आणि हा चौथी पास आमच्या बरोबरीने बसणार? त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, तो तुमच्या जागेवर बसत नाही. तो त्या जागेवर बसतो जी आजवर रिकामी होती. आणि त्याने मुलांपुढे पाठ घेऊन आपली पात्रता सिद्ध केली असेल, तर त्याची खुर्ची कोपऱ्यात ठेवण्याचे कारण उरत नाही.

या सर्व गोष्टींना एक मुदत आहे आणि ती कोणत्याही धोरणात लिहिलेली नाही. मानशीचा दरवाजा कसा घडवायचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांतले पुष्कळ आता साठी ओलांडलेले आहेत. त्यांची मुले कचेऱ्यांत, जहाजांवर किंवा परदेशात आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या कामाला समाजाने मान दिला नाही ते काम मुलाने चालवावे, असा हट्ट कोणत्या बापाने धरावा? दाखल्यांची छाननी सावकाश चालेल, समित्या अहवाल देतील, मुदतवाढ मिळेल. मेस्ताच्या डोळ्यांना आणि मनगटाला मात्र मुदतवाढ मिळत नाही. सरकारने परवाना जरूर मागावा. पण ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही आहे त्यांची परीक्षा आधी घ्यावी, आणि ती त्यांच्या कार्यशाळेत जाऊन घ्यावी.